उचलीच्या वहीतलं बालपण

दिवाळी सरते न सरते तोच मराठवाड्यातल्या काही गावांत घरांना कुलपं लागू लागतात. ऊसतोडीच्या हंगामाची ही खूण. बीड जिल्ह्याच्या केज तालुक्यातलं युसूफ वडगाव हे त्याच पट्ट्यातलं. १९९१-९२ च्या सुमारास मी बँकेच्या नोकरीत त्या भागात क्षेत्र अधिकारी होतो. एकात्मिक ग्रामीण विकास योजनेखाली शेळ्या-म्हशींसाठी वाटलेली कर्जं वसूल करणं हे माझं काम. मोटारसायकल, खांद्याला पिशवी आणि पिशवीत थकबाकीची यादी, असा माझा संसार होता.

अशाच एका सकाळी युसूफ वडगावात एका कर्जदाराच्या दाराशी पोचलो, तर समोर ट्रक उभा. गोधड्या, पत्र्याची पेटी, जर्मनची भांडी, पायाला दोरी बांधलेल्या दोन कोंबड्या, सगळं चढवणं चालू होतं. दहाएक वर्षांची एक मुलगी धाकट्या भावाला कडेवर घेऊन उभी होती. हप्त्याचं विचारताच तिचा बाप म्हणाला, "सायेब, आता पाडव्यालाच." मी सहज मुलीला विचारलं, "कितवीत गं?" "चौथीत." "मग शाळा?" ती आईकडे बघू लागली. आई म्हणाली, "हिला नेलं नाही तर ह्याला कोन सांभाळंल? म्या कोपीवर बसले तर कोयता मोडतो, सायेब."

मी यादीवर 'कर्जदार हंगामी स्थलांतरित' असा शेरा मारला आणि पुढच्या दाराकडे वळलो. शेरा नियमाला धरून होता. त्यात मुलगी मात्र कुठंच नव्हती.

कोयता म्हणजे नुसतं हत्यार नव्हे, हे शहरातल्या वाचकाला सांगायला हवं. ऊसतोडीच्या हिशेबात कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकानं तोडायचं, दुसऱ्यानं मोळ्या बांधायच्या, दोघांनी मिळून गाडी भरायची. हंगामापूर्वी मुकादम या जोडीला आगाऊ रक्कम देतो, ती उचल. सावकारीच्या अनेक तऱ्हा मी पाहिल्या, पण तारण न लिहिता इतकं पक्कं तारण घेणारं दुसरं कर्ज पाहिलं नाही.

जुनी सवय म्हणून हिशेब मांडतो. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीचा दर वाढून टनाला सुमारे ३६६ रुपये झाला. समजा एका जोडीनं एक लाख उचल घेतली. ती फिटायला २७३ टन ऊस तोडावा लागेल. जोडी दिवसाला दोन टन तोडते असं धरलं, तर १३७ दिवस झाले. म्हणजे साडेचार महिने, जवळपास अख्खा हंगाम! यात आजारपण धरलेलं नाही, बाळंतपण धरलेलं नाही. कामावर न गेल्यास खाडा लागतो, तो वेगळाच. आता तान्ह्या मुलासाठी आई कोपीवर थांबली, तर दोघांचीही मजुरी बुडते. दहा वर्षांची मुलगी थांबली तर काहीच बुडत नाही, निदान मुकादमाच्या वहीत तरी नाही. त्या मुलीची शाळा सुटते ती या आकडेमोडीतून. आईबापांना शिक्षणाचं महत्त्व कळत नाही, हे आपण दिवाणखान्यात बसून काढलेलं अनुमान असतं.

मुलांच्या वाढीविषयी आपण बोलतो तेव्हा वजन एका खात्याकडे, हजेरी दुसऱ्या खात्याकडे आणि बालविवाह तिसऱ्याकडे, अशी वाटणी करतो. ऊसतोड कुटुंबात या तिन्ही गोष्टी एकाच दोरीला बांधलेल्या असतात. गर्भधारणेपासून दोन वर्षांपर्यंतचे हजार दिवस मुलाच्या शरीर-बुद्धीचा पाया घालतात, असं वैद्यकशास्त्र सांगतं. या बाळांचे त्यातले कित्येक दिवस पाचटाच्या कोपीत जातात. गावच्या अंगणवाडीत त्यांचं नाव असतं, तिथला आहार मात्र त्यांच्यामागून फडात जात नाही. शाळेचं तेच. २०१० पासून सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला शिक्षणाचा हक्क आहे, पण दुसरं सत्र उघडतं तेव्हा मूल सांगली-कोल्हापूरच्या वाटेवर असतं. पटावर नाव गावात आणि मूल उसात.

पुढे किशोरवय येतं आणि दोरीला सगळ्यांत घट्ट गाठ बसते. वयात आलेल्या मुलीला मागं कुणाच्या भरवशावर ठेवायचं? फडावर न्यावं, तर कोपीला धड दार नाही, आडोशाला न्हाणी नाही. त्यात लग्न लावलं की आणखी एक जोडी तयार होते, आणि जोडीला उचल मिळते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) वीस ते चोवीस वर्षांच्या स्त्रियांपैकी अठराच्या आत लग्न झालेल्यांचं प्रमाण महाराष्ट्रात सुमारे २२ टक्के निघालं, तर बीड जिल्ह्यात जवळजवळ ४४ टक्के, म्हणजे दुप्पट. बालविवाहाचा कायदा २००६ चा आहे. पण पोलीस मांडवात पोचतात तेव्हा व्यवहार कधीच ठरून गेलेला असतो.

आणि या मुलींचं पुढे काय होतं? २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीपुढे आलेला आकडा आठवावा. बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांच्या पाहणीत १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. लवकर लग्न, लवकर बाळंतपणं, उपचाराला सवड नाही आणि खाड्याची धास्ती. पोरीच्या चौथीच्या वर्गात सुरू झालेली गोष्ट तिच्या तिशीत इथवर येऊन पोचते.

काहीच झालं नाही, असं म्हणणं मात्र अन्यायाचं होईल. कारखान्यांच्या आवारात साखरशाळा निघाल्या. आजी-आजोबांपाशी राहिलेल्या मुलांसाठी गावोगावी हंगामी वसतिगृहं आली. २०२१ मध्ये सरकारनं ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहांची योजना मंजूर केली. कामगारांसाठीच्या कल्याण महामंडळाला कारखान्यांनी टनामागे दहा रुपये द्यायचे आणि सरकारनं तेवढीच भर घालायची, असंही ठरलं. पाच लाख टन गाळणाऱ्या एका कारखान्याचे या हिशेबानं पन्नास लाख होतात. इतक्या पैशांत फडाजवळ पाळणाघर चालू शकतं.

माझं म्हणणं एवढंच, की हंगामी वसतिगृह ट्रक गावातून हलण्याच्या आदल्या दिवशी उघडलं पाहिजे, महिन्यानंतर नव्हे. तोवर मूल फडावर पोचलेलं असतं. बाळाचा आहार बाळाच्या मागून गेला पाहिजे. मजुरी जोडीच्या नावावर न मांडता माणसागणिक मांडली, तर लग्न हा उचलीचा दाखला राहणार नाही. आणि उचलच कागदावर आली, बँकेतून मिळू लागली, तर तिच्यावर निदान कुणाची तरी नजर राहील. बँकेतल्या माणसानं हे म्हणावं याचं कुणाला हसू येईल. पण या कुटुंबांना दिवाळीआधी लागणारी रक्कम आम्ही कधी दिली नाही. आम्ही शेळ्या दिल्या.

त्या वर्षी पाडव्यानंतर मी पुन्हा युसूफ वडगावला गेलो. कुलूप निघालं होतं. बापानं कनवटीच्या नोटा मोजून थकलेला हप्ता भरला, मी पावती फाडली. मुलगी उंबऱ्यात भावाला भरवत बसली होती. परीक्षेचे दिवस होते. शाळेचं काय झालं, हे मी तिला विचारलं नाही. वसुली झाल्याच्या आनंदात होतो.