प्रोस्टेटचा रिपोर्ट दडवू नका



‘प्रोस्टेटची तपासणी केली की विमा मिळत नाही, म्हणून पॉलिसी निघेपर्यंत गप्प बसा’ हा अकोल्याच्या एका वाचकाचा सल्ला घातक आहे. पन्नाशीनंतर ही ग्रंथी वाढणे सर्रास आढळते. ती वाढ म्हणजे कर्करोग नव्हे. रक्तातील पीएसए हे प्रोस्टेटचे प्रथिन तर लघवीच्या जंतुसंसर्गानेही वाढते. अशा वेळी कंपनी आणखी रिपोर्ट मागू शकते, जादा हप्ता लावू शकते किंवा निर्णय पुढे ढकलू शकते. सरसकट नकारच येतो असे नाही.

आयुर्विम्यात माहिती दडवली, तर विमा कायद्याच्या कलम ४५ नुसार पहिल्या ३ वर्षांत पॉलिसीच रद्द होऊ शकते. भोगावे लागते ते वारसांना.

आमच्या अमरावतीतही एजंट ओसरीवर बसून आजारांच्या रकान्यांत भराभर ‘नाही’ लिहितो आणि आपण न वाचता सही ठोकतो. जबाबदारी सही करणाऱ्याची असते. प्रत्येक उत्तर वाचा, सोनोग्राफी व पीएसएचे रिपोर्ट जोडा, अर्जाची प्रत जपून ठेवा.

आणि लघवीसाठी रात्री वारंवार उठावे लागत असेल, तर आधी डॉक्टर गाठा. विम्यापायी तपासणी टाळणे म्हणजे घराचा कर्ता माणूसच धोक्यात घालणे होय.

– एक वाचक, अमरावती