कागद नाही, तरी किंमत कागदाची?

मराठी ई-पुस्तकं खपत नाहीत म्हणून गळे काढणाऱ्यांनी आधी किंमत बघावी. छापील पुस्तक अडीचशेचं आणि ई-पुस्तक दोनशेचं, हा कुठला हिशेब?

आमच्या राजूरचंच घ्या. अंगारकीला गणपतीपुढे पाय ठेवायला जागा नसते, नारळ-पेढ्यांची दुकानं रांगेनं. पण कादंबरी हवी तर जालना गाठा, नाहीतर थेट संभाजीनगर. ई-पुस्तक खरं तर ह्याच वाचकासाठी! त्याने छापील पुस्तक घेतलं तर भाऊ वाचतो, मेहुणा नेतो (परत आणत नाही, तो भाग वेगळा :)), शेवटी ते वाचनालयात जातं. ई-पुस्तकाचा मात्र बहुतेक दुकानांत नुसता वाचायचा परवाना मिळतो. २००९ साली अ‍ॅमेझॉनने गिऱ्हाइकांच्या किंडलमधून ऑर्वेलचं '१९८४' परस्पर काढून घेतलं होतं. पैसे परत दिले म्हणा, पण पुस्तक त्या वेळी हातचं गेलंच.

प्रकाशक म्हणतात, कागद वाचला तरी संपादन, मुद्रितशोधन, लेखकाचं मानधन आहेच. मान्य. शिवाय कित्येक जुनी पुस्तकं श्रीलिपीसारख्या फाँटात जुळवलेली. युनिकोडात आणताना रफार, जोडाक्षरं, पहिली वेलांटी सगळं विस्कटतं आणि सबंध पुस्तक पुन्हा तपासायला माणूस बसवावा लागतो. हे काम स्वस्त नाही. पण ते एकदाच करायचं ना? पुढे पन्नासावी प्रत असो की पाच हजारावी, छापखाना नाही, गोदाम नाही, दुकानातून परत येणारे गठ्ठे नाहीत. असा एकदाचा खर्च जास्त लोकांत वाटायचा की मोजक्यांच्या माथी मारायचा?

खरी भीती निराळीच आहे. स्वस्त ई-पुस्तकामुळे छापील आवृत्ती पडून राहील म्हणे. अहो, राजूरचा वाचक ती घेतच कुठे होता?

सरकारही त्याच माळेतलं. छापील पुस्तकाला जीएसटी नाही, ई-पुस्तकाला २०१७ साली १८ टक्के लावला. २०१८ साली तो ५ वर आणला, पण ज्याची छापील आवृत्ती आहे त्याच्यापुरताच. नुसतं ई-पुस्तक काढणारा नवा लेखक त्या सवलतीबाहेर!

असो. माझं म्हणणं एवढंच, की एका तरी प्रकाशकाने हे दोनशेचं ई-पुस्तक वर्षभर साठ रुपयांना ठेवावं आणि खपाचे आकडे उघड करावेत. एका प्रतीऐवजी चार गेल्या तरी चाळीस रुपये वरच पडतात.