वंशावळीत न बसलेली आक्का

(तृतीय वर्ष कला, इतिहास)

गेल्या काही वर्षांत आपल्या भागात घरोघरी वंशावळी निघू लागल्या आहेत. २०२३ साली कुणबी नोंदींचा शोध घेण्यासाठी राज्य शासनाने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, आणि तेव्हापासून ट्रंकांच्या तळाशी पडलेली कागदपत्रे उजेडात आली. कोतवाल बुक, शाळेचे जनरल रजिस्टर, जुने फेरफार हे शब्द आता चहाच्या टपरीवरही ऐकू येतात. मोडी वाचणाऱ्या माणसाला एकाएकी भाव आला. इतिहासाच्या विद्यार्थ्याने या गोष्टीचा आनंदच मानायला हवा. ज्या समाजाला आपला खापरपणजोबा कोण हे ठाऊक नव्हते, तो समाज निदान कागद जपू लागला आहे.

परंतु या सर्व वंशावळी एकीशेजारी एक ठेवून पाहिल्या, तर एक चमत्कारिक गोष्ट ध्यानात येते. त्यांत स्त्रिया जवळजवळ नाहीत. बापाला मुलगा, त्याला पुन्हा मुलगा, अशी ही शिडी सहा-सहा पिढ्या वर चढत जाते. जणू या घराण्यांतील पुरुष पुरुषांनाच जन्म देत आले! याचे एक कारण सरळ आहे. जातीच्या दाखल्यासाठी वडिलांकडील रक्ताचे नाते दाखवावे लागते, म्हणून लोक तेवढेच शोधतात. पण ही सवय दाखल्याच्या पुष्कळ आधीची आहे. माझ्या आजीचा, म्हणजे आम्हा सर्वांच्या आक्काचा, माग काढताना मला ती पावलोपावली भेटली. तो अनुभव सांगून त्यावरून निघणारे माझे मत वाचकांपुढे मांडावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

आक्का सांगली जिल्ह्याच्या दुष्काळी पूर्वभागातली. अंगाने काटक, आवाज मात्र असा की वेशीत बोलली तर मळ्यात ऐकू यावे. चौथीपर्यंत शिकलेली, त्या काळी त्या गावात ही मोठी विद्या होती. १९७२ च्या दुष्काळात ती पाझर तलावाच्या कामावर माती वाहत होती. तिच्याबरोबर पाटी उचललेली एक म्हातारी शेजारीण अजून आहे. ती सांगते, की मुकादम हजेरी मांडू लागला की आक्का डोक्यावरची पाटी खाली ठेवून त्याच्या वहीत डोकावत असे. बाकीच्या बाया अंगठा उठवीत. ही आधी वाचून पाहणार. एकदा तिने एका बाळंतिणीचे दोन खाडे भरून काढायला लावले. मुकादम म्हणाला, "तू तलाठी हाईस का?" ही म्हणाली, "तलाठी न्हाई, पर मला धाच्या फुडं मोजता येतं."

अशा बाईला कागदावर शोधणे सोपे जाईल अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात पहिली अडचण नावापाशीच आली. माहेरी तिला एका नदीचे नाव होते. लग्नात ताटभर तांदळांवर अंगठीने दुसरे नाव लिहिले गेले आणि त्या दिवसापासून ती एका देवीच्या नावाने ओळखली जाऊ लागली. सासरच्या कुठल्याही कागदात ती नदी सापडत नाही, आणि माहेरच्या कागदात ही देवी नाही. ही रीत थोरामोठ्यांच्या घरीही होतीच. रमाबाई रानडे माहेरच्या यमुना. 'स्मृतिचित्रे' लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळक माहेरच्या मनकर्णिका. त्यांनी स्वतः लेखणी हाती धरली म्हणून ही दोन नावे जोडलेली राहिली. ज्यांनी लिहिले नाही, त्यांच्या आयुष्याचे दोन तुकडे दोन गावांच्या दप्तरांत पडून आहेत आणि ते एकाच बाईचे आहेत हे सांगायला कोणी नाही.

आक्काच्या माहेरच्या शाळेत जनरल रजिस्टर शिल्लक होते. गुरुजींनी मोठ्या आपुलकीने ते काढून दिले. त्यात तिचे मूळ नाव, वडिलांचे नाव, जन्मतारीख अशी एक ओळ आहे. शाळा सोडल्याचे कारण या रकान्यात दोनच शब्द आहेत: 'सतत गैरहजर'. धाकट्या भावाला कडेवर घेऊन ती शेतात जात होती, हे रकान्यात मावणारे नव्हते.

आमच्या भागात वंशावळ राखण्याचा मान हेळव्यांकडे आहे. सुगी झाली की सजवलेला बैल घेऊन हेळवी येतो, ओसरीवर बसतो, मूळ पुरुषापासून नावे वाचतो, नव्याने जन्मलेल्यांची भर घालतो आणि धान्य, कापड, पैसा घेऊन पुढच्या गावी जातो. नाशिक-त्र्यंबकेश्वराच्या तीर्थोपाध्यायांच्या नामावळ्यांसारखीच ही आपली परंपरागत दप्तरे आहेत आणि त्यांचे मोल मी जाणते. पण मी सात-आठ वर्षांची असताना आमच्या ओसरीवर जे घडले, तेही सांगण्यासारखे आहे. हेळव्याने खड्या आवाजात मुलगे आणि नातू वाचले आणि वही मिटली. आक्का सुपात जोंधळे घेऊन उभी होती. ती तशीच उभी राहिली.

"बाबा, पाच बाळंतपणं झाली माझी. तुमच्या वहीत दोनच दिसत्यात. बाकीच्या तिघी काय बांधावर घावल्या व्हय?"

"आक्का, लेकी परक्या घरच्या. त्यांचं त्यांच्या सासरच्या वहीत."

"तितं तरी लिवत्यात का?"

हेळवी काही बोलला नाही.

"मग हितंच लिवा. तिघींची लिवा आन् ह्या नातीचं बी लिवा. मग सूप वता पोत्यात."

हेळव्याने हसत हसत वही उघडली आणि समासात चार नावे लिहिली. तो भला माणूस होता. त्याने आपल्या बापाकडून जे शिकले तेच तो करीत होता. माझे नाव वंशावळीत आहे ते असे, समासात आणि सूपभर जोंधळ्यांच्या जोरावर. आक्काचे स्वतःचे नाव मात्र तेव्हाही लिहिले गेले नाही. तिने ते मागितले नाही, आणि कोणाला सुचलेही नाही.

आजोबा वारल्यावर वारसनोंदीच्या वेळीही असेच झाले. भावकीतील वडीलधारी मंडळी म्हणाली, मुलींची नावे कशाला, उगाच गुंता. लागलीच हक्कसोड घेऊन टाकू. आक्काने ठाम नकार दिला. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने विधवा, मुलगे आणि मुली यांना मृताच्या मिळकतीत सारखे वारस ठरवले आहे, हे तिला कोणी कलमानिशी सांगितले नव्हते. ती एवढेच म्हणाली, की तिघींनी ह्या रानात भांगललं आहे, तर त्यांची नावंबी रानावर राहतील. ती राहिली. आजही आमच्या सात-बाऱ्यावर तिन्ही आत्यांची नावे आहेत आणि सणाला त्या माहेरी येतात ते मानाने येतात.

हे सारे ऐकून कोणालाही वाटेल, की मी एका वाघिणीची गोष्ट सांगत आहे. मलाही तसेच वाटत होते. मग तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षातून तिच्या माहेरच्या जुन्या फेरफाराची नक्कल हाती आली. सत्तरच्या दशकात तिचे वडील वारले, तेव्हाची ती नोंद आहे. तिच्यात आक्काचे माहेरचे नाव आहे, पुढे 'ऊर्फ' असे लिहून सासरचे नाव आहे, नवऱ्याचे नाव आहे, दोन्ही गावे आहेत. इतक्या कागदांतून जी बाई तुकड्यातुकड्यांनी भेटत होती, ती येथे प्रथमच अखंड भेटली. आणि ती नोंद कशाची? वडिलांच्या जमिनीतील आपला हिस्सा भावाच्या लाभात स्वखुशीने सोडत असल्याची. अंगठा नाही, खाली तिची सही आहे, चौथीतल्या मुलीसारखी सुटी सुटी अक्षरे.

ती नक्कल मी पुष्कळ वेळा वाचली आहे. 'स्वखुशीने' हा शब्द कारकुनाचा. त्यामागचे तिचे मन मला कागदावरून कळणार नाही. भाऊ लहानपणी तिच्याच कडेवर वाढला होता. माहेर तुटू नये म्हणून हजारो बायका जे करीत आल्या, तेच तिने केले असेल. पण पुढे आपल्या लेकींच्या वेळी तिने सबंध भावकीशी जो सामना केला, त्याची मुळे मला या सहीत दिसतात. तिची तडफ जन्मजात होती असे आमच्या घरात म्हणतात. मला वाटते, त्या तडफेतला काही भाग तरी तिने किंमत मोजून मिळवला होता.

माझे पहिले मत याच कागदावरून बनले आहे. आपल्या दप्तराला स्त्रीची पुरती ओळख लागते ती बहुधा ती काही सोडून देते तेव्हा. ती शाळा सोडते तेव्हा एक ओळ, हक्क सोडते तेव्हा दुसरी. ती जे धरून ठेवते, मिळवते, भांडून घेते, त्याची नोंद ठेवणारा रकानाच नाही. तेव्हा केवळ कागदांच्या आधारे घराण्याचा इतिहास लिहिणारा, कितीही प्रामाणिक असला, तरी अर्धेच घराणे लिहितो.

यावर काही आक्षेप येतील. एक असा, की वंशावळ हे मुळातच कुळाच्या अभिमानाचे खूळ आहे. स्त्रियांची नावे घालून ते खूळ कशाला वाढवायचे? अभिमानापुरती वंशावळ मलाही नको आहे. परंतु वारसा, दाखले आणि जमीन हे सारे व्यवहार आजही वंशावळीवरच चालतात. जिचे नाव तिथे नाही, तिचा हक्क पहिल्या पायरीवरच बुडतो. २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला जन्मतः मुलासारखाच हक्क दिला. पण गावातली वंशावळ तिला जन्मलेलीच धरत नसेल, तर तो हक्क ती मागणार कुठून?

दुसरा आक्षेप असा, की आता काळ बदलला आहे. १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या बालकांच्या शासकीय कागदपत्रांत स्वतःच्या नावापुढे आईचे, मग वडिलांचे नाव लिहिण्याचा निर्णय राज्य शासनाने घेतला आहे. ही गोष्ट चांगलीच आहे. परंतु हा निर्णय पुढच्या पिढ्यांचा आहे. मागच्या पिढ्यांतल्या आया शासन निर्णयाने परत येणार नाहीत. त्यांना आपणच आणावे लागेल. शिवाय विवाहित स्त्रीच्या बाबतीत नवऱ्याचे नाव लावण्याची जुनी पद्धत तशीच राहिली आहे.

मग करावे काय? याचे उत्तर आपल्याच मातीत आहे. हेमा रायरकर आणि गी पॉइटव्हँ यांनी ऐंशीच्या दशकापासून सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातल्या खेडोपाडी हिंडून जात्यावरच्या ओव्या जमवल्या. त्या एक लाखाहून अधिक भरल्या. मला त्यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट वाटते ती ही, की ओवीबरोबर गाणाऱ्या बाईचे नाव आणि गावही टिपले गेले. 'लोकसाहित्य' म्हणून सगळे निनावी टाकून दिले नाही. जी शिस्त ओवीला लावली, ती कुळाच्या इतिहासाला लावता येणार नाही असे थोडेच आहे?

आपल्या महाविद्यालयात निम्म्याहून अधिक विद्यार्थी आसपासच्या खेड्यांतून येतात. प्रत्येकाच्या घरी किंवा शेजारी सत्तरी ओलांडलेली एखादी आजी आहे. दिवाळीच्या सुटीत तिच्यापाशी वही घेऊन बसावे. माहेरचे नाव विचारावे, ते कोणी ठेवले हे विचारावे; आईचे आणि आईच्या आईचे नाव विचारावे. बहात्तरच्या दुष्काळात कोणत्या कामावर होतीस, पहिली मजुरी किती, ती कोणाच्या हाती दिलीस, कशावर सही केलीस वा अंगठा उठवलास, हे विचारावे. जे सांगेल ते तिच्याच बोलीत उतरवून घ्यावे. शुद्धलेखनाची काळजी नंतर करता येते. शाळेचे रजिस्टर आणि फेरफार त्यानंतर पाहावेत, म्हणजे कागद कुठे गप्प बसतो ते कळते. इतिहास विभागाने अशा वह्यांसाठी ग्रंथालयात एक कपाट मागून घ्यावे, अशी माझी प्राध्यापकांना विनंती आहे. भारत इतिहास संशोधक मंडळाची १९१० साली पुण्यात स्थापना झाली, तेव्हा गावोगावची दप्तरे अशीच कोणाकोणाच्या माळ्यावर धूळ खात होती. कोणीतरी उठून ती आणली म्हणून आज आपल्याला अभ्यासायला साधने आहेत. आपल्या आज्यांचे दप्तर तोंडी आहे, एवढाच फरक. आणि ते माळ्यावरच्या कागदाइतकी वर्षे थांबणार नाही.

मी माझ्यापुरते एक काम केले आहे. घरच्या वंशावळीची नवी प्रत लिहिली. तिच्यात प्रत्येक सुनेच्या नावाखाली तिचे माहेरचे नाव, तिच्या आईचे नाव आणि गाव लिहिले. प्रत्येक लेक तिच्या भावांच्या ओळीत, समासात नव्हे. आराखडा फार पसरला, त्याला चार ताव जोडावे लागले. चुलते म्हणाले, "हे घडी घालून ठेवायचं कसं?" पुढच्या सुगीला हेळवी आला, की ही प्रत मी त्याच्यापुढे ठेवणार आहे, आणि जोंधळ्यांचे सूपही तयार ठेवणार आहे.