सरकारचीं दोन मापें

२ मार्च १९३० रोजीं महात्मा गांधींनीं व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांस जें पत्र धाडलें, त्यांत एक साधें त्रैराशिक होतें. व्हाइसरॉयचा पगार महिना एकवीस हजार, म्हणजे रोजचे सातशेंहून अधिक रुपये. हिंदी माणसाची सरासरी मिळकत रोज दोन आण्यांहूनही कमी. अंतर पांच हजार पटींहून अधिक! पुढच्याच वर्षीं कराचीच्या काँग्रेसनें ठराव केला कीं, तज्ज्ञांसारखे अपवाद वगळतां सरकारी नोकराचा पगार सामान्यतः महिना पांचशें रुपयांवर असूं नये. आणि १९३७ सालीं काँग्रेसच्या मंत्र्यांनीं तेवढाच पगार घेतला. (घर व मोटार यांचा भत्ता निराळा, हेंही सांगितलें पाहिजे.)

या हिशेबांत मापदंड कचेरीबाहेरचा माणूस होता. स्वराज्यांत तो कचेरीच्या आंत ओढला गेला. शिपायास किती, सचिवास किती, दोघांत किती पटींचें अंतर, याचाच काथ्याकूट होतो. दाराशीं खडी फोडणारा मजूर त्यांत नाहीं.

सातव्या वेतन आयोगानें १९५७ च्या भारतीय श्रम परिषदेचे निकष हातीं घेतले. प्रौढ माणसास रोज २७०० कॅलरी अन्न, माणशीं वर्षाला १८ वार कापड, शिवाय घरभाडें, सरपण. आयोगाच्या यादींत दूध, फळें, अंडीं यांचीही नोंद आहे. अशा आकारणीवरून कुटुंबास महिना १८,००० रुपये हें किमान वेतन ठरलें व १ जानेवारी २०१६ पासून लागू झालें. यांत चैन आहे असें कोणता शहाणा म्हणेल? परंतु याच केंद्र सरकारनें २०१९ सालीं मजुरीची देशव्यापी किमान पातळी सांगितली ती रोज १७८ रुपये! महिन्यांत सव्वीस दिवस काम मिळालें असें धरलें, तरी होतात ४,६२८. मग मजुराच्या पोरानें दूध पिऊं नये काय?

बरें, आयोगास हें ठाऊक नव्हतें असेंही नाहीं. त्याच्यासाठीं अहमदाबादच्या व्यवस्थापन संस्थेनें केलेल्या पाहणींत सरकारी हरकाम्यास एकूण २२,५७९ रुपये पडत होते. खासगी संस्थांत त्याच कामास ८,००० ते ९,५००. यावरून कांहीं पंडित म्हणतात, शिपायाचें वेतन उतरवा. जो पोटापुरतें जेवतो त्याचें ताट ओढून उपाशाचें पोट कसें भरणार, तें त्यांनाच ठाऊक! आमचें म्हणणें उलट आहे. आयोगाचें किमान वेतन ज्या दिवशीं मान्य होईल, त्याच दिवशीं त्याच यादीवरून देशाची किमान मजुरी जाहीर व्हावी, आणि ती पाळणें सर्वांस बंधनकारक असावें.

जानेवारी २०२५ मध्यें आठव्या आयोगास मान्यता मिळाली आणि आमच्या पांढरपेशा घरांत पगार किती पटीनें वाढणार याचा जप सुरू झाला. आमच्याच घरीं त्या आठवड्यांत भांडीं घासणाऱ्या बाईंनीं महिना शंभर रुपये वाढवून मागितले. कागदपेन्सिल घेऊन बसलेल्या आम्हीं मान वर न करितांच सांगितलें, “पाडव्यानंतर बघूं.”