‘हॅम्प्टन्स’पेक्षा ते जुनं वाक्य परवडलं

डोंबिवलीला शाळेत असताना मी आजोळचं नाव सांगायचं टाळायचे. सांगितलं की पुढचं वाक्य ठरलेलं : ‘अलिबाग से आया है क्या?’ म्हणजे, बावळट आहेस का. २०१९ साली या वाक्याविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात याचिकासुद्धा झाली, हा अलिबागकरांचा अपमान आहे म्हणून. कोर्टाने ती फेटाळली.

आता तीच मुंबई अलिबागला ‘आपलं हॅम्प्टन्स’ म्हणते. न्यूयॉर्कचे श्रीमंत सुट्टीला जिथे जातात, ते हॅम्प्टन्स. खरं सांगू? मला ते जुनं वाक्य परवडलं. त्या वाक्यात निदान अलिबागची माणसं होती. बावळट का असेनात, होती. हॅम्प्टन्समध्ये ती दिसतच नाहीत. तिथे नुसता समुद्र आहे, नारळ आहेत आणि प्लॉट आहेत.

गेल्या हिवाळ्यात ऑफिसातल्या दोन मैत्रिणींनी ‘वन डे इन अलिबाग’चं एक रील पाठवलं. गेलो. माझं आजोळ तिथलंच आहे, हे मी त्यांना सांगितलं नाही. शाळेतली सवय. गेटवेहून सकाळची लाँच, तासाभरात मांडवा. वाटेत सगळी लाँच सीगलना वेफर्स खिलवत होती, आणि तेही रीलसाठीच. मांडव्याला उतरून रिक्षा ठरवली. रिक्षावाले दादा म्हणाले, “ताई, किल्ला दुपारी करू, ओहोटी लागल्यावर. आधी बंगले दाखवतो.”

बंगले! मला वाटलं, ऐतिहासिक काही असेल. तर नाही. दोन-अडीच तास आम्ही भिंती बघितल्या. दहा-बारा फुटी भिंती, वर बोगनवेल, कॅमेरे, काळं गेट. हा अमक्या नटाचा, हा तमक्या क्रिकेटपटूचा, हा कुण्या उद्योगपतीच्या मुलीचा. दादांना सगळं पाठ. आणि आम्ही तीन शिकलेल्या मुली प्रत्येक गेटसमोर उतरून फोटो काढत होतो. गेटचे फोटो. आतलं एक झाडसुद्धा दिसलं नव्हतं.

किहीमला दादांनी एक जागा दाखवली, जिथे आता बंगला नाही. नीरव मोदीचा होता तो. २०१९च्या मार्चमध्ये सुरुंग लावून पाडला. किनाऱ्यावरच्या बेकायदा बांधकामांवर कारवाई व्हावी म्हणून लोक कोर्टात गेले होते, त्यातून ते घडलं. किनारी बांधकामाचे नियम १९९१ पासून आहेत. पण पाडलेला बंगला दाखवताना दादांचा सूर न्याय झाल्याचा नव्हता, एक पॉइंट कमी झाल्याचा होता. मी त्यांना दोष देत नाही. गिऱ्हाईक आम्ही होतो, आम्हाला भिंतीच हव्या होत्या.

तिथून पुढे एका वाटेने समुद्रावर उतरायला गेलो. ही वाट मला माहीत होती. लहानपणी मामाबरोबर दोन-तीनदा आले होते, दोन्ही बाजूंना वाड्या, मधून पायवाट, शेवटी सुरूची झाडं. आता वाटेच्या तोंडाशी साखळी होती आणि खुर्चीवर गार्ड. बिहारचा असावा, वीस-बावीसचा. म्हणाला, “प्रायव्हेट है मॅडम.” मी म्हटलं, समुद्र प्रायव्हेट आहे का? तो अवघडून हसला. त्याचं खरंच होतं. वाळू सरकारी, म्हणजे सगळ्यांची, पण वाळूपर्यंत पोचायची वाट कुणाच्यातरी सातबाऱ्यात. वाट विकत घेतली की समुद्र फुकट मिळतो. आम्ही वळसा घालून सार्वजनिक किनाऱ्यावर गेलो. तिथे एटीव्ही, बनाना राइड आणि पायाखाली प्लास्टिक. गावाला आणि डे-ट्रिपवाल्यांना मिळून एवढाच तुकडा उरलाय.

कुलाबा किल्ला छान झाला, त्याबद्दल तक्रार नाही. ओहोटीला चालत गेलो, आत गोड्या पाण्याचं तळं आहे, गणपतीचं देऊळ आहे.

पण मला भांडायचंय ते त्या दिवसभराच्या यादीत काय नव्हतं, यावरून. अलिबागहून पेणच्या रस्त्याला लागलं की पोयनाडजवळ चरी नावाचं गाव आहे. तिथे ना समुद्र दिसतो ना बंगला. तिथल्या आणि आसपासच्या गावांतल्या कुळांनी १९३३ साली खोतांची जमीन कसायची नाही असं ठरवलं, आणि १९३९पर्यंत कसली नाही. सहा वर्षं! आपल्याला सहा तास नेट नसलं तर जीव जातो. हा खारेपाट. खाडीचं पाणी बांध घालून अडवायचं, तेव्हा कुठे भात पिकायचं, आणि पिकलेल्यातला मोठा वाटा खोताच्या दारात न्यायचा. नारायण नागू पाटील त्या संपाचे पुढारी. आंबेडकर चरीला सभेला आले होते, आणि १९३७ साली त्यांनी खोती रद्द करण्याचं विधेयक मुंबई विधिमंडळात मांडलं. पुढे कूळकायदे आले, स्वातंत्र्यानंतर खोती गेली, जमीन कसणाऱ्याच्या नावावर झाली. या राज्यात एखाद्या गरीब कुळाच्या सातबाऱ्यावर त्याचं नाव आहे, तर त्यामागे चरीतल्या उपाशी पोटांचा वाटा आहे.

त्याच १९४८च्या कूळकायद्यात एक कलम आहे : शेतकरी नसलेल्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. खोत परत येऊ नयेत म्हणून घातलेली कडी. आता काय होतं? काही जण आधी कुठेतरी शेतकरी होतात, काही जण जमीन एनए करून घेतात. कागद चोख असतात, मी कुणाला चोर म्हणत नाहीये. पण ज्या तालुक्यात कुळांनी सहा वर्षं भूक काढून जमीन मिळवली, तिथे तिच्या बातम्या आता ‘अमक्याने घेतली इतक्या कोटींना’ अशा येतात आणि आपण खाली बदामाचे इमोजी टाकतो.

‘मग गाववाल्यांनी विकली कशाला?’ हे तुमच्या ओठांवर आलं असेल. लाँचमध्ये मैत्रिणीनेही हेच विचारलं. विकली. माझ्या मामानेही विकली, रस्त्याकडेचा तुकडा, बाजारभावाच्या बऱ्याच खाली, कारण आजीचं ऑपरेशन होतं आणि भातात काही उरत नव्हतं. त्यातला आईचा वाटा माझ्या इंजिनिअरिंगच्या फीत गेला. मी एकदा मोठ्या तोऱ्यात मामाला बोलले होते, जमीन विकायची नव्हती म्हणून. तो शांतपणे म्हणाला, “आमी इकली नसती तं तुजी फी कोनी भरली असती गो?”

याला माझ्याकडे उत्तर नाही. म्हणून मामाशी भांडण नाही. भांडण माझ्याशी आहे, तुमच्याशी आहे. विकणाऱ्याला नड होती. आपल्याला कसली नड होती, की आपण त्या गेटसमोर उभं राहून मान वाकडी करून फोटो काढला, ‘हॅम्प्टन्स वाइब्ज’ लिहिलं आणि लोकेशन टाकलं? असे कितीतरी फोटो साठतात आणि जमिनीचे दलाल तेच पुढच्या गिऱ्हाइकाला दाखवतात. त्यांची जाहिरात आपण करतो, बिनपगारी. वर स्वतःच्या भाषेतलं गावाचं नाव खोडून परक्या नावाने करतो.

जा अलिबागला, जाऊ नका असं कोण म्हणतंय. किल्ला बघा, पांढऱ्या कांद्याची माळ आणा. पण भिंतींच्या सहलीचे पैसे देऊ नका. रिक्षावाल्यांना चरीला न्यायला सांगा. तिथे बघायला विशेष काही नाही, शेतं आहेत. ते विचारतील, तिकडं काय आहे? त्यांना सांगता येईल एवढं तरी वाचून जा.

मी त्या दिवशी शेवटची लाँच चुकवली, मुद्दाम. मैत्रिणींना मांडव्याच्या बसमध्ये बसवलं आणि एसटीने मामाकडे गेले. मामा ओटीवर बसला होता. मला बघून उठला, मामीला हाक मारली. मग खिशातून मोबाइल काढून माझ्यापुढे धरला. “बघ गो, चष्मा नाय जवल. काय लिवलंय यात?”

एजंटचा मेसेज होता. उरलेल्या अकरा गुंठ्यांचा भाव होता त्यात, आणि वर एका बंगल्याच्या गेटचा फोटो. मी मामाला मेसेज वाचून दाखवला.