खाज आणि संशय

ठाकुर्ली स्टेशनजवळच्या मेडिकलमधून खाजेची ट्यूब मागणे बायकांना दवाखान्यापेक्षा सोपे वाटते; लाजच तेवढी! दह्याच्या गुठळ्यांसारखा पांढरा, बिनवासाचा स्राव आणि तीव्र खाज हे बहुधा कॅन्डिडा बुरशीचे लक्षण. मधुमेह, गरोदरपण किंवा अँटिबायोटिक्समुळे ती वाढते. त्यापायी नवऱ्यावर संशय नको. फेसाळ, हिरवट-पिवळा, दुर्गंधीयुक्त स्राव मात्र लैंगिक संसर्गाचा, ट्रायकोमोनासचा, असू शकतो. मग उपचार दोघांनीही घ्यावेत. क्लॅमिडिया तर अनेकींना जाणवतही नाही आणि गर्भनलिका बंद करू शकतो. बुरशी आणि असा संसर्ग एकाच वेळीही असतो. स्टेरॉइड मिसळलेल्या ट्यूबने खाज तेवढी दबते. तपासणीला पर्याय नाही. सरकारी रुग्णालयांतील ‘सुरक्षा क्लिनिक’मध्ये समुपदेशन आणि औषधे मोफत मिळतात, माहितीही गुप्त ठेवली जाते.