भिकार गव्हाची किंमत



तांबेरा पडला की गव्हाचे काय होते, हे तुम्हाला सांगायला नको. आज सांगायची आहे ती एका अगदी भिकार गव्हाची आणि तो जपून आणणाऱ्या प्राध्यापकाची हकिगत.

जॅक हार्लन यांचा जन्म १९१७ चा, अमेरिकेतला. वडील हॅरी हे तिथल्या शेतीखात्यात सातूचे जाणकार, बियाण्यासाठी देशोदेशी हिंडलेले. १९३२ साली रशियाचे थोर बीजसंशोधक वाविलोव्ह त्यांच्या घरी आले. पंधरा वर्षांच्या जॅकच्या मनाने घेतले, शिकायचे तर यांच्याच हाताखाली. ते घडायचे नव्हते. वाविलोव्हना स्टालिनच्या राजवटीने कैदेत टाकले आणि १९४३ मध्ये तिथेच त्यांचा अंत झाला. जगाच्या भाकरीची काळजी वाहणारा माणूस, तो तुरुंगात उपासमारीने खंगून गेला! जॅकनी आपल्याच देशात अनुवंशशास्त्राची डॉक्टरेट मिळवली.

१९४८ साली ते तुर्कस्तानात गावोगाव बी गोळा करत होते. एका शेतातला गहू त्यांनी घेतला. काडी उंच नि बारीक, लोळणारी. पानावरचा तांबेरा घेणारा, कडक थंडी न सोसणारा, पावालाही बरा नाही. आपण असला गहू दारात उभा केला नसता. तिकडेही नंबर घालून तो ठेवून दिला आणि पंधरा वर्षे कुणी विचारला नाही.

मग अमेरिकेच्या वायव्य भागात पिवळ्या तांबेऱ्याने थैमान घातले. शोधाशोध झाली, तेव्हा हाच गहू उभा राहिला. पिवळ्या तांबेऱ्याच्या चार जाती आणि काणीसारख्या रोगांचे कितीतरी प्रकार तो पचवत होता. चांगल्या वाणांशी त्याचा संकर केला आणि दरसाल लक्षावधी डॉलरचे पीक वाचले.

१९६६ पासून हार्लन इलिनॉय विद्यापीठात वनस्पती-अनुवंशशास्त्राचे प्राध्यापक. त्याच सुमारास ते तुर्कस्तानच्या डोंगरात पुन्हा गेले. रानगहू हाताने ओरबाडून पाहिला, हात सोलवटले, म्हणून गारगोटीचा विळा केला. तासाला किलोभर स्वच्छ दाणा निघाला! तीन आठवडे राबले तर एका कुटुंबाची वर्षाची बेगमी होईल, असा त्यांचा हिशेब. पेरणी ठाऊक नसलेली माणसे कशी जगत असतील, हे प्रोफेसरसाहेबांनी घाम गाळून पाहिले. मला हा माणूस आवडतो तो यासाठी.

१९७० साली अमेरिकेत मक्यावर करपा आला. बहुतेक संकरित मक्याची आईकडची बाजू एकच होती. रोगाला एक दार उघडे सापडले आणि तो सगळीकडे शिरला. देशाचे सुमारे १५ टक्के पीक गेले. गावरान वाणाच्या शेतात ताटागणिक थोडा फरक असतो, सगळी ताटे एकदम बळी पडत नाहीत. जुने वाण मोडीत निघण्याआधी साठवा, असे हार्लन संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेच्या तज्ज्ञमंडळात सांगत राहिले. १९७४ मध्ये त्यासाठी आंतरराष्ट्रीय मंडळ निघाले.

तुम्ही म्हणाल, आपला काय संबंध? १९७२ साली हार्लन आणि त्यांचे सहकारी डी वेट यांनी जगातल्या ज्वारीचे कणसावरून, दाण्यावरून पाच मुख्य गट पाडले. त्यातला घट्ट कणसाचा गट ‘दुरा’. सोलापूरकडच्या मोहोळला १९३० नंतर निवडलेली आपली मालदांडी याच गटातली. हार्लन १९९८ साली वारले. ज्वारीचे संशोधक आजही कणीस हातात घेऊन आधी तिचा गट सांगतात, तो त्यांच्याच वाटणीप्रमाणे.